एका घरात आठ जण: सोलापुरात कॉट बेसिसवर राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देणं हे माझं काम. अंगठा लागला, ओटीपी आला की काम संपतं. पण निम्मी मंडळी खुर्चीतून उठतच नाहीत. "ताई, एक विचारायचं होतं. रूमवर एक जण आहे…" असं सुरू होतं, आणि पुढे महिनोन् महिने व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न येत राहतात. कोणी केगावला विद्यापीठात शिकतो, कोणी वालचंदला, कोणी सिव्हिलमध्ये नर्सिंग करते, कोणी अक्कलकोट रोडच्या नाहीतर चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला. राहतात मात्र सगळे सारखेच, कॉट बेसिसवर म्हणजे माणशी एक कॉट: दोन खोल्या, एक संडास-बाथरूम आणि माणसं सहा ते दहा.

या सगळ्यांचं ऐकून माझं एक मत झालंय. भांडण स्वभावाचं वाटतं, पण खणत गेलं की खाली पाणी, लाईट बिल नाहीतर झोप सापडते. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत आधी व्यवस्था लावायला सांगितली आहे आणि माणसाचा स्वभाव नंतर काढला आहे.

१. रूमवरचा एक जण अगदी बेफिकीर आहे. बोलावं की गप्प बसावं?

बोलावं, आणि लवकर बोलावं. महिनाभर गिळून मग एक दिवस सगळं ओकलं की समोरचा म्हणतो, "एवढं होतं तर आधी का नाही बोललास बे?" आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

एका वेळी एकच गोष्ट काढा. काय होतं, त्याचा मला काय त्रास होतो आणि तू काय केलंस तर चालेल, एवढं पुरे. "तुझा गजर पाच वेळा वाजतो. मी रात्रपाळी करून सहाला झोपतो. एकदाच लाव, नाहीतर व्हायब्रेटवर ठेव." यात भांडायला जागाच राहत नाही. "तू नेहमीच असा आहेस" म्हटलं की तो गजर सोडून तुमच्या मागच्या वर्षीच्या चुका काढतो.

चारचौघांत बोलू नका, रूमच्या ग्रुपवर तर मुळीच नको. ग्रुपवर लिहिलेलं सगळ्यांना लागतं आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो नेमका अंगठा दाखवून मोकळा होतो. वेळही बघा. नळाला पाणी आलेलं असताना, तो पिऊन आलेला असताना किंवा त्याचा निकाल लागलेल्या दिवशी हा विषय काढू नये.

२. नवीन रूम घेतोय. पहिल्या दिवशी काय ठरवून घ्यावं?

पाणी कोण कधी भरणार, लाईट बिल कसं वाटायचं, रात्री मोठा दिवा किती वाजता बंद, बाहेरचा माणूस जास्तीत जास्त किती रात्री राहणार आणि रूम सोडताना किती दिवस आधी सांगायचं. हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. बाकीचं राहता राहता ठरतं. वहीभर नियम करणारी रूम मी पाहिली आहे; तिथे नियम मोडला कोणी यावरच रोज पंचायत बसायची.

३. पाणी येतं तेव्हा मी एकटाच उठतो. बाकीचे झोपतात आणि वापरायला मात्र पुढे. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर लांबून पाइपातून आपल्याकडे येतं, आणि शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी नसतं. मध्ये काही दिवस जातात. त्यातून वेळ रात्री दोनची असली की चिडचिड ठरलेली. आधी हिशेब करा. आठ माणसं, चार दिवस आणि माणशी रोज चाळीस लिटर धरले तरी १,२८० लिटर होतात. म्हणजे दोनशे लिटरची सात बॅरलं. घरात चारच असतील तर तिसऱ्या दिवशी भांडण होणारच, मग रूमवर साधुसंत का राहत असेनात. अशा वेळी पार्टनरला बोलण्याआधी मालकांकडे आणखी एक टाकी मागा किंवा वर्गणी काढून दोन बॅरलं घ्या.

पाळी माणसाप्रमाणे लावा, वाराप्रमाणे नको. पाण्याचा दिवस मागे-पुढे सरकतो, म्हणून "सोमवार तुझा" टिकत नाही. यादी लिहायची: ज्याचं नाव वर, तो पुढच्या पाण्याला उठणार, भरून झालं की नाव तळाला. जोडीने लावलीत तर आणखी बरं. एक नळीपाशी, एक आत बॅरलपाशी. ज्याला रात्रपाळीमुळे जमतच नाही त्याने बदल्यात दुसरं काम घ्यावं, जसं पिण्याचे जार आणणं किंवा संडास धुणं. पाळी चुकवली तर दंड लावू नका. दंड भरला की माणसाला वाटतं, पैसे दिले, आता झोपायला मोकळा. त्याऐवजी पुढच्या दोन पाळ्या त्याच्याच.

पिण्याचं आणि सांडायचं पाणी वेगळं ठेवा. बोअर असेल तर कपडे, फरशी, संडास सगळं बोअरवर. नळाच्या पाण्याच्या बॅरलला झाकण आणि एकच तांब्या, लांब दांड्याचा. जो तो आपला मग बुडवायला लागला की त्या पाण्याला वास येतो.

आणि बॅरलं आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. हे काम पाणी भरणाऱ्याच्याच गळ्यात मारू नका. भरायच्या आधी बॅरल घासून ठेवणं ही यादीतल्या पुढच्या नावाची जबाबदारी.

नळाला थेट मोटार लावायची कल्पना कोणीतरी काढतोच. ते बेकायदा आहे, महापालिका मोटार उचलून नेते आणि गल्लीतल्या खालच्या घरांचं पाणी तोडलं म्हणून शेजाऱ्यांचा रोष येतो तो वेगळा.

४. उन्हाळ्यात एकाचा कूलर सगळं पाणी पितो. त्याला बंद करायला सांगता येतं का?

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा कूलर बंद कर म्हणणं म्हणजे माणसाला घराबाहेर काढणं. पण प्रश्न खरा आहे. दिवसभर चालणारा मोठा कूलर चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज संपवतो, म्हणजे घरात एक जास्तीचा माणूस आला असं धरा. तर कूलरचं नाव पाण्याच्या यादीत घाला: कूलरवाल्याच्या दोन पाळ्या. बोअर असेल तर कूलरला बोअरचंच पाणी. क्षार धरतात, वाळा लवकर खराब होतो, तो त्याने बदलावा. कूलर खिडकीत बसवून हवा सगळ्या खोलीला मिळत असेल तर मात्र तो सगळ्यांचा झाला. मग पाळीही सगळ्यांची आणि बिलही सगळ्यांचं.

५. लाईट बिल समान वाटायचं की वापराप्रमाणे?

सगळ्यांचा वापर उन्नीस-बीस असेल तर समान. एकाकडे इंडक्शन शेगडी, हीटरचा रॉड किंवा मोठा कॉम्प्युटर असेल तर वेगळं.

वॅट गुणिले तास, भागिले हजार, की युनिट निघतं. दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला तर पाऊण युनिट, महिन्याला बावीस-तेवीस. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तर रोज दोन युनिट, महिन्याला साठ. दहा-बारा वॅटचा एलईडी रात्रभर जळला तरी त्याच्यावरून भांडू नका, भांडणाचा खर्च जास्त येतो.

मेख अशी आहे की महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. म्हणून एकाच्या शेगडीमुळे सगळं घर वरच्या टप्प्यात गेलं तर ती वरची युनिटं महाग दरानेच त्याच्या नावावर पडायला हवीत. "माझी साठ युनिटं गुणिले सरासरी दर" हा हिशेब त्याच्या सोयीचा आहे. दर बिलाच्या मागेच छापलेले असतात. मालकांनी सबमीटर लावून स्वतःचा दर ठरवला असेल तर तो करारात लिहिला आहे का बघा.

६. घरून आलेला डबा दुसरेच संपवतात. बोललं तर "एवढ्याशासाठी?" म्हणतात.

मंगळवेढ्याची एक मुलगी माझ्याकडे आली होती. आईने महिन्याची कडक भाकरी रचून दिलेली, जुन्या साडीच्या फडक्यात बांधून, आणि बरणीभर शेंगाचटणी. चार दिवसांनी फडक्यात चुरा उरला होता आणि बरणीच्या कडेला तेलाच्या बोटांचे लाल ठसे. तिला भाकरीचं तितकं वाईट वाटलं नाही. फडकं नीट गाठ मारून परत जागेवर ठेवलेलं होतं, ते लागलं.

त्यामुळे "एवढ्याशासाठी" हे उत्तर मला मान्य नाही. पण उपाय साधा आहे. डबा आला की पहिल्या दिवशी सगळ्यांना वाढा, आणि त्याच वेळी सांगा की उरलेलं माझं, महिनाभर पुरवायचं आहे. वाटून खाल्लेल्या माणसाला चोरून खायला जड जातं. बाकीचं पेटीत, कुलपात. कुलूप लावल्याने नाती बिघडतात म्हणणारे बहुधा तेच असतात ज्यांचा डबा कधी येत नाही.

दूध, अंडी, साखर यांसाठी ज्याचं त्याचं ठेवा. "कॉमन साखर" हा प्रकार तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो.

७. भांडी तशीच पडतात. पाळी लावली तरी कोणी घासत नाही.

भांड्यांना पाळी लावूच नका. ज्याचं ताट त्याने घासायचं, खाऊन झाल्या झाल्या. घरात ताटं माणसांइतकीच ठेवा, प्रत्येकाचं नाव घालून. भांड्यांच्या दुकानात ताटावर नाव कोरून देतात. स्वच्छ ताट नसेल तर जेवण नाही, हे आपोआप कळतं. कुकर-कढई मात्र ज्याने स्वयंपाक केला त्याने घासायची नाही, बाकीच्यांनी घासायची. पाण्याच्या आदल्या दिवशी, बॅरल तळाला गेलेलं असताना, तेलकट कढई करू नये. त्या दिवशी मेसचा डबा मागवा.

८. मी दिवसा झोपतो, ते रात्री जागतात. एकच खोली आहे.

एक मागावर रात्रपाळी करणारा, एक एमपीएससीचा अभ्यास करणारा आणि एक रात्री अकराला गावाकडे फोन लावून "जेवलाव का?" असं ओरडून विचारणारा. या तिघांना एका खोलीत सुख नाही. दोन खोल्या असतील तर झोपेच्या वेळेप्रमाणे खोल्या वाटा. मैत्रीप्रमाणे वाटल्या की झोपेची वाट लागते. खरं सांगायचं तर कॉटची अदलाबदल हा उपाय सगळ्यांत शेवटी सुचतो आणि सगळ्यांत आधी लागू पडतो.

ते जमत नसेल तर प्रत्येकाला दिवसातले सहा तास पक्के शांततेचे द्या. त्या तासांत फोन बाहेर, इअरफोन सक्तीचा, मोठा दिवा बंद, अभ्यासाला टेबललॅम्प. रात्रपाळीवाल्याचे सहा तास सकाळी सात ते एक असले तरी ते तितकेच खरे. दिवसा झोपणाऱ्याला आळशी म्हणायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी.

आवाज बाहेरचा असेल, म्हणजे शेजारी रात्री स्पीकर लावत असेल, तर कायदा मदतीला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन करता येतो. रूममधल्या घोरणाऱ्याला मात्र हे नियम लावायला जाऊ नका.

९. पार्टनरचा मित्र "दोन दिवसांसाठी" आला आणि जातच नाही.

पाहुण्याबद्दल पाहुण्याशी बोलू नका, ज्याने आणला त्याच्याशी बोला. तीन रात्रींपर्यंत पाहुणा, चौथ्या रात्रीपासून त्याचा भाड्यात आणि पाण्यात वाटा, हा हिशेब बहुतेक रूमवर चालतो. वाटा मागितला की अर्धे पाहुणे दुसऱ्या दिवशी निघतात.

जानेवारीत ढील द्या. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, होम मैदानावर गड्डा म्हणजे जत्रेचा बाजार भरतो आणि ज्याचं गाव अक्कलकोट, बार्शी, इंडी असेल त्याच्याकडे चुलतभाऊ येणारच. नंदीध्वज बघायला आलेल्या पोराला बाहेर काढणारी रूम सोलापुरात नाव कमावत नाही. त्या आठवड्यात आधीच सगळ्यांनी मिळून ठरवा: कोणाकडे कधी किती जण, आणि पाण्याचा जादा जार कोण आणणार.

पाहुणा महिन्याच्या वर राहिला तर गोष्ट मैत्रीच्या पलीकडे जाते. करारात नसलेला माणूस ठेवला म्हणून मालक तुम्हा सगळ्यांना नोटीस देऊ शकतात. पुढचं प्रश्न १३ मध्ये आहे.

१०. पार्टनर आपापसात तेलुगूत बोलतात. माझ्याबद्दलच बोलतात असं वाटतं.

बहुतेक वेळा ते क्रिकेटबद्दल बोलत असतात. अर्धं सोलापूर घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलतं आणि दारात मराठी. पूर्व भागात राहायला गेलात तर महिनाभरात तुम्हालाही दहा-वीस शब्द येतील. भाषा बदला असं सांगू नका. घरचा निर्णय होत असेल, म्हणजे पैसे, पाणी, नवीन माणूस, तेव्हा सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोला, एवढं मागणं रास्त आहे.

मटण-मासळीचंही असंच. काय शिजेल हे रूम घेतानाच विचारायचं असतं. राहायला आल्यावर "मला वास सहन होत नाही" म्हणणाऱ्याने वेगळी कढई मागावी, दुसऱ्याचं खाणं बंद करायला जाऊ नये. मालकांनीच घरात शिजवायला मनाई केली असेल तर मात्र सगळ्यांना ते पाळावं लागतं.

११. रूममेट दिवसभर व्हिडिओ कॉलवर असते आणि मी मागे दिसते. सांगितलं तर हसते.

हसण्यावारी नेऊ नका. आधी जागा बदला: तिची कॉट भिंतीला पाठ करून, म्हणजे कॅमेऱ्यात भिंतच दिसेल. मधे दोरीवर चादर टाका. सोलापुरात चादरीला तोटा नाही. आणि स्पष्ट सांगा, कपडे बदलायच्या, झोपायच्या वेळेत खोलीत कॉल नको.

कोणी मुद्दाम तसं चित्रण केलं किंवा पुढे पाठवलं तर तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण करण्याबद्दल आहे, करणारा कोणीही असो. असं चित्रण पसरवणाऱ्याला इतर कलमंही लागतात, मग ती मुलगी का असेना. अशा वेळी रूममध्ये मिटवू नका. चॅट, क्लिप पुसू नका, घरच्या एका मोठ्या माणसाला सांगा आणि ११२.

१२. एक जण भाडं वेळेवर देत नाही. दर महिन्याला मीच भरतो.

पहिल्यांदा भरलंत ती मदत. दुसऱ्यांदा भरलंत की ती पद्धत पडते. बहुतेक करारांत भाडं एकरकमी असतं, मालकांना तुमच्या आठ जणांच्या वाटण्यांशी देणंघेणं नसतं. म्हणून पैसे मालकांच्या तारखेच्या पाच दिवस आधी एकाकडे जमा व्हावेत, आणि तेही यूपीआयने, म्हणजे नोंद राहते.

ज्याची खरंच अडचण आहे, पगार अडकलाय, घरी आजारपण आहे, त्याच्याकडून तारीख लिहून घ्या आणि तोवर सांभाळा. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत पण नवा मोबाईल आहे, त्याच्या डिपॉझिटमधून वळतं करायला मालकांना सांगा आणि कॉट दुसऱ्याला द्यायची तयारी ठेवा.

१३. करार एकाच्याच नावावर आहे. बाकीच्यांना काही हक्क आहे का?

इथे बरेच जण फसतात. करारावर ज्याची सही त्याचाच मालकांशी व्यवहार. बाकीचे मालकांच्या दृष्टीने त्याचे पाहुणे, म्हणून तो सोडून गेला की तुमचं राहणं टांगणीला. उलट बाजूही आहे: इतरांनी केलेलं नुकसान, थकलेलं बिल सही करणाऱ्याच्या डिपॉझिटमधून जातं. जो सगळ्यांत शहाणासुरता तोच सही करतो आणि तोच भरडतो. म्हणून करारात सगळ्यांची नावं घाला. माणूस बदलला तर नवीन करार थोडा खर्चाचा पडतो, पण वाटून घेतला तर जड जात नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा आणि ती जबाबदारी मालकांची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. हे मी धंद्यासाठी सांगते असं वाटेल, वाटू द्या.

१४. त्रास देणारा मालकांचाच भाचा आहे. तक्रार कोणाकडे करू?

अवघड जागचं दुखणं. मालकांकडे जाताना भाच्याचं नाव घेऊ नका, घराचं नुकसान सांगा. "तुमचा भाचा रात्री दारू पितो" म्हटलं की मामा भाच्याची बाजू घेतात. "रात्री दोनला गेट उघडं राहतं, बोअरची मोटार सकाळपर्यंत चालू होती" म्हटलं की मामा स्वतःच चौकशी करतात. मालकीणबाई असतील तर त्यांच्याकडे आधी जा, माझा अनुभव तरी तसाच आहे.

दोनदा सांगून फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा सांगू नका, दुसरी रूम बघा. या एका बाबतीत व्यवस्था लावून काही होत नाही.

१५. दारू, सिगारेट, चोरी: मालकांकडे कधी आणि पोलिसांत कधी?

सिगारेट गच्चीवर, हा तोडगा रूममध्येच निघतो. गच्चीवर मालकांच्या कुरडया वाळत घातलेल्या असतील तर तिथेही नाही. दारू पिऊन कोणी गप्प झोपत असेल तर तो त्याचा प्रश्न. पिऊन दार वाजवणं, उलटी, शिवीगाळ सुरू झाली तर मालकांकडे, आणि हात उचलला तर त्याच रात्री ११२.

किरकोळ गोष्टी नाहीशा होत असतील, चार्जर, शंभर-दोनशे रुपये, तर आधी सगळ्यांनी पेट्यांना कुलपं लावा आणि कोणावर आळ घेऊ नका. खोलीत आठ जण आणि दार सदा उघडं असताना चोर कोण हे सांगता येत नाही, संशय मात्र नेहमी गरीब पोरावर जातो. मोबाईल गेला तर लगेच पोलिस तक्रार करा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा.

पोलिस ठाण्यात शिवीगाळ-धमकीची तक्रार बऱ्याचदा अदखलपात्र म्हणून नोंदवतात. त्यात लगेच अटक होत नाही, पण नोंद राहते आणि पुढे कामाला येते. तिची प्रत मागून घ्या.

१६. आमच्या भांडणाला कंटाळून मालकांनी पाणीच बंद केलं. चालतं का?

नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज, संडासाची सोय तोडता येत नाही. मात्र भाडेकरू आणि लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहणारा यांच्या हक्कांत फरक आहे, म्हणून कागद हातात घेऊन वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत मदत मिळते.

हेही लक्षात असू द्या, लायसन्सची मुदत संपल्यावर राहत राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क भरपाई म्हणून लागू शकतं. भांडायला उभं राहण्याआधी कराराची शेवटची तारीख बघा.

१७. आम्ही रूमवर नाही, जुन्या वाड्यात बिऱ्हाड करून आहोत. चार कुटुंबं, एक नळ, दोन संडास. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

पाण्याचं होतं (प्रश्न ३), फक्त यादीत माणसांऐवजी घरं लिहा आणि हिशेब डोक्यांवर करा. सहा माणसांच्या घराने आणि एकट्या आजींनी सारख्याच घागरी भराव्यात हा न्याय नव्हे. आजींचं पाणी कोणी भरून द्यायचं हेही त्यातच लिहून टाका.

वाड्यात नोटीस, करार, ११२ ही भाषा शेवटची. पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं असतात, उद्या लग्नकार्यात एकमेकांच्या पंक्तीला बसायचं असतं. बायकांनी बायकांशी बोललेलं लवकर मिटतं, पुरुष मधे पडले की प्रश्न नळाचा राहत नाही. संडासाला कुलूप लावून दोन-दोन घरांना एक किल्ली द्या. ज्यांच्याकडे किल्ली तेच धुतात.

१८. सगळे म्हणतात बेफिकीर मीच आहे. मला तसं वाटत नाही.

तिघांनी वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट सांगितली असेल तर ते खरं धरा. तिघे मिळून एकदम आले असतील तर त्यांची आधी बैठक झालेली आहे, शांत बसून नेमकी एक गोष्ट विचारा, "काय बदलू?" उत्तर मिळालं तर तेवढं महिनाभर करून बघा. उत्तरात नुसताच "तुझा स्वभाव" आला तर बहुधा त्यांना तुमच्या कॉटवर दुसरा मित्र आणायचा आहे.

१९. सोडून जायचं ठरवलंय. मधेच सोडता येतं का, आणि बदली माणूस मीच द्यायचा का?

करारात लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्यात मधेच सोडता येत नाही तो, आणि नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. बऱ्याच करारांत महिन्याची असते. बदली माणूस देण्याची अट लिहिलेली नसेल तर ती तुमच्यावर नाही. पण बाकीच्यांच्या वाट्याला तुमचं भाडं येणार, म्हणून माणूस शोधून दिलात तर डिपॉझिट लवकर सुटतं. जून-जुलैत, ॲडमिशनच्या दिवसांत, कॉट चार दिवसांत भरते. मार्चमध्ये सोडत असाल तर वेळ लागेल.

निघताना मीटरचा फोटो काढा, तोवरचं बिल त्याच दिवशी चुकतं करा, खोलीचे आणि बाथरूमचे फोटो काढून मालकांना पाठवा. डिपॉझिट रोख घेऊ नका, खात्यावर मागा. वर्गणीतून घेतलेल्या बॅरलचा, शेगडीचा तुमचा वाटा नवीन येणाऱ्याकडून घ्या, मागे राहणाऱ्यांकडून नको. त्यांनी एकदा पैसे दिलेले आहेत. आणि पाण्याच्या यादीत तुमचं नाव वर असेल तर ती पाळी भरूनच निघा.